बॅटरी प्रयोगशाळेत चालली, कारखान्यात चालेल का?

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात एक नवल घडले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील क्वांटमस्केप या कंपनीच्या समभागाचा भाव १३० डॉलरच्या पुढे गेला. कंपनीची बाजारात नोंदणी होऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. त्या भावाने हिशेब केला तर कंपनीचे मोल फोर्डपेक्षा जास्त भरत होते. फोर्ड वर्षाला लाखो गाड्या विकत होती आणि क्वांटमस्केपने तोवर गाडीची एकही बॅटरी विकलेली नव्हती. जानेवारी २०२१ च्या पहिल्याच व्यवहाराच्या दिवशी हा भाव सुमारे ४० टक्क्यांनी कोसळला. एप्रिल २०२५ मध्ये तो ४ डॉलरच्याही खाली होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा १५ डॉलरच्या वर.

या पाच वर्षांत त्या बॅटरीचे मूळ रसायनशास्त्र बदललेले नाही. बदलत राहिले ते लोकांचे अंदाज. ही कंपनी सगळ्यांना मागे टाकणार की चिनी कंपन्या तिला गिळणार, टोयोटा आधी पोहोचणार की सॅमसंग, यावर रोज पैसा लागतो आहे. पैसा लावण्यात गैर काही नाही. पण हे अंदाज बांधताना प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ‘कोणाचा शोध सर्वांत चांगला?’ असे गुंतवणूकदार विचारतात. बॅटरीच्या धंद्याचा आजवरचा इतिहास मात्र सांगतो की निकाल शोधावर लागत नाही. तो लागतो कारखान्यातल्या उत्पादनावर, आणि तेवढ्या काळात प्रतिस्पर्धी कुठे पोहोचले यावर.

काटे आणि पापुद्रा

शोध काय आहे, हे आधी पाहायला हवे, कारण तो पोकळ नाही. आपल्या मोबाइलमध्ये किंवा विजेवरच्या स्कूटरमध्ये जी लिथियम-आयन बॅटरी असते, तिच्या ऋण टोकाला ग्रॅफाइट असते. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन धन टोकाकडून निघतात, द्रवरूप इलेक्ट्रोलाइटमधून जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरताना ते परत येतात. या व्यवहारात ग्रॅफाइट म्हणजे नुसती धर्मशाळा. ते स्वतः ऊर्जा देत नाही, पण जागा आणि वजन मात्र खाते. ते काढून टाकून त्या जागी शुद्ध लिथियम धातू वापरला, तर तेवढ्याच आकारात जास्त ऊर्जा मावते.

ही कल्पना नवी नाही. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात एक्सॉन कंपनीत लिथियम धातूचीच बॅटरी बनवली होती. अडचण अशी की वारंवार चार्ज केल्यावर लिथियम सपाट बसत नाही, त्याला सुईसारखे काटे फुटतात. ते मधला पडदा भेदून पलीकडे पोहोचले की आतल्या आत शॉर्टसर्किट होते आणि ज्वलनशील द्रव पेट घेतो. मोली एनर्जी या कॅनडाच्या कंपनीने अशा बॅटऱ्या बाजारात आणल्या होत्या. १९८९ मध्ये जपानमधल्या मोबाइल फोनमध्ये त्यांना आगी लागल्या, माल परत घ्यावा लागला आणि कंपनी बुडाली. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, सोनीने ऊर्जेत थोडी कमी पण सुरक्षित असलेली, कार्बनवर आधारलेली बॅटरी विकायला काढली. जग पुढे त्याच वाटेने गेले. व्हिटिंगहॅम यांना २०१९ मध्ये जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले, ते या सगळ्या प्रवासाबद्दल.

क्वांटमस्केपने हाच जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला. २०१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वर्तुळातून ही कंपनी निघाली. भारतीय वंशाचे जगदीप सिंग हे तिच्या संस्थापकांपैकी एक. तिचे उत्तर असे की प्लॅस्टिकच्या सच्छिद्र पडद्याऐवजी सिरॅमिकचा अतिशय पातळ पापुद्रा घालायचा. आयन त्यातून पार होतात, पण काट्यांना तो भेदता येत नाही. शिवाय सेल तयार करताना ऋण टोकाला काहीच ठेवायचे नाही. पहिल्यांदा चार्ज करताना धन टोकाकडून आलेले लिथियम तिथे आपोआप थर धरते.

डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने आकडे जाहीर केले. पंधरा मिनिटांत ८० टक्के चार्ज होतो आणि ८०० वेळा चार्ज करूनही ८० टक्क्यांहून अधिक क्षमता टिकते, असा दावा होता. लिथियम धातूच्या बाबतीत हे मोठेच यश होते. पण मोजमाप एका थराच्या सेलवर झाले होते. गाडीच्या सेलमध्ये असे अनेक थर एकावर एक रचावे लागतात. आकडे लपवलेले नव्हते आणि थर एकच आहे, हेही सांगितले गेले होते. बाजाराने मात्र ‘पंधरा मिनिटे’ ऐकले आणि ‘एक थर’ सोडून दिले.

शंभरातले नव्याण्णव पुरत नाहीत

एका थरावरून वीस थरांवर जाणे म्हणजे तेच काम वीसदा करणे, असे वाटू शकते. तसे ते नाही. समजा, कारखान्यात बनणाऱ्या शंभर पापुद्र्यांतले नव्याण्णव निर्दोष निघतात. हे ऐकायला उत्तम वाटते. पण सेलमध्ये वीस पापुद्रे असतील आणि त्यांतला एक खराब निघाल्यावर सगळा सेल वाया जाणार असेल, तर शंभरातले जेमतेम ब्याऐंशी सेल चांगले निघतील, अठरा फेकावे लागतील. इतका माल फेकून बॅटरीचा धंदा करता येत नाही. फेकलेल्या मालाचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणायचे, तर हजारात एकच पापुद्रा खराब निघाला पाहिजे.

आता एका गाडीचा हिशेब करू. क्वांटमस्केपच्या क्यूएसई-५ या पहिल्या व्यापारी सेलची क्षमता सुमारे ५ अँपिअर-तास, म्हणजे ऊर्जा अंदाजे २१ वॉट-तास. मध्यम आकाराच्या मोटारीला ७५ किलोवॉट-तासांची बॅटरी लागते असे धरले, तर साडेतीन हजारांच्या आसपास सेल हवेत. प्रत्येकात वीस पापुद्रे धरले तरी एका गाडीत सत्तर हजार पापुद्रे होतात. सिरॅमिक म्हणजे कपबशीच्या जातीचा पदार्थ. तो भट्टीत भाजावा लागतो, त्याला सूक्ष्म तडे जाऊ शकतात, आणि जिथे तडा असतो तिथेच काट्याला वाट मिळते. असे पापुद्रे एका गाडीसाठी सत्तर हजार आणि लाख गाड्यांसाठी सातशे कोटी, तेही प्लॅस्टिकच्या पडद्याशी भावात टक्कर देत बनवायचे आहेत. खरा प्रश्न हा आहे, आणि तो रसायनशास्त्राइतकाच भट्टीचा आणि यंत्रांचा आहे.

कंपनीच्या पुढच्या वाटचालीतही हेच दिसते. २४ थरांचे नमुने गाडी उत्पादकांकडे पोहोचायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. फोक्सवॅगन समूहाच्या पॉवरको या बॅटरी कंपनीच्या चाचणीत अशा सेलने हजारहून अधिक वेळा चार्ज होऊनही ९५ टक्के क्षमता टिकवली, हे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये क्यूएसई-५ चे पहिले नमुने ग्राहकांकडे रवाना झाले. २०२५ मध्ये ‘कोब्रा’ ही पापुद्रे भाजण्याची अधिक वेगवान पद्धत कंपनीने रोजच्या उत्पादनात आणली, आणि सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात हे सेल बसवलेली डुकाटीची शर्यतीची मोटारसायकल लोकांनी पाहिली. प्रगती खरी आहे, तिची गतीही वाईट नाही. पण ती कारखान्याची गती आहे, आणि १३० डॉलरच्या भावाने त्यापेक्षा फार वेगळे काही गृहीत धरले होते.

कंपनीने आपली चालही बदलली. सुरुवातीला फोक्सवॅगनबरोबर भागीदारीत कारखाना काढण्याचा बेत होता. जुलै २०२४ च्या करारात त्याची जागा परवान्याने घेतली. आता पॉवरको वर्षाला ४० गिगावॉट-तासांपर्यंत बॅटऱ्या स्वतः बनवू शकेल, ही मर्यादा पुढे ८० पर्यंत वाढवता येईल, आणि क्वांटमस्केपला स्वामित्वधन मिळेल. समाधानकारक तांत्रिक प्रगती दिसली तर १३ कोटी डॉलरची आगाऊ रक्कमही ठरली. कारखाना उभारण्याचा प्रचंड खर्च दुसऱ्याने करावा आणि आपण ज्ञान विकावे, हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. पण त्यामुळे नफ्याचा मोठा वाटाही दुसऱ्याकडे जातो. समभाग घेणाऱ्याने हा फरक ओळखायला हवा.

प्रतिस्पर्धी थांबून राहत नाहीत

अंदाज बांधणाऱ्यांची दुसरी चूक याहून महागात पडणारी आहे. नव्या तंत्रज्ञानाची तुलना ते आजच्या जुन्या बॅटरीशी करतात. नवी बॅटरी बाजारात येईल त्या दिवशी जुनी बॅटरी कुठे असेल, याचा विचार होत नाही.

२०२० मध्ये पंधरा मिनिटांत ८० टक्के हा चमत्कार वाटत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये चीनच्या सीएटीएल कंपनीने दहा मिनिटांच्या चार्जिंगमध्ये ४०० किलोमीटर चालवणारी बॅटरी जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये बीवायडीने पाच मिनिटांत ४०० किलोमीटरचा दावा केला, आणि पुढच्याच महिन्यात सीएटीएलने पाच मिनिटांत ५२० किलोमीटरचा. हे दावे कंपन्यांचे आहेत आणि ही अंतरे चीनमधल्या सौम्य चाचणी-पद्धतीने मोजलेली आहेत, हे लक्षात ठेवूनही एक गोष्ट उरते. हे सगळे द्रवरूप इलेक्ट्रोलाइटच्या, ग्रॅफाइटच्या, ‘जुन्या’ बॅटरीने केले. क्वांटमस्केपच्या यशातला जो भाग लोकांना सर्वांत जास्त भावला होता, त्याची धार अशी बोथट झाली. ऊर्जेच्या घनतेत ती अजून पुढे आहे. कंपनी लिटरमागे ८४४ वॉट-तास सांगते आणि तो आकडा चांगलाच आहे. पण त्यासाठी ग्राहक किती जादा पैसे मोजेल, हे त्या दिवशीच्या स्वस्त बॅटरीच्या भावावर ठरणार.

स्वस्त बॅटरी दर वर्षी आणखी स्वस्त होते आहे. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये बॅटरी-पॅकचा सरासरी भाव किलोवॉट-तासाला ११५ डॉलरवर आला. २०१० मध्ये तो हजार डॉलरच्या वर होता. यातला मोठा वाटा लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, या रसायनाचा आहे. गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये मांडले, तेव्हा त्याची ऊर्जा कमी म्हणून ते दुय्यम मानले गेले. त्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही, आग लागण्याचा धोका कमी आणि आयुष्य मोठे. आज जगातल्या विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या याच रसायनाच्या आहेत. सर्वांत ‘चांगली’ बॅटरी जिंकते, हे गृहीतक इथेच कोसळते.

दोन जुने दाखले

गंमत अशी, की एलएफपीवर पहिला मोठा डाव अमेरिकेनेच लावला होता. एमआयटीच्या संशोधनातून २००१ मध्ये ए-१२३ सिस्टीम्स ही कंपनी निघाली. सप्टेंबर २००९ मध्ये तिचा समभाग बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ५० टक्क्यांनी चढला. अमेरिकी सरकारने २४.९ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. रसायन योग्य होते, हे पुढच्या काळाने सिद्ध केले. पण मिशिगनमधल्या कारखान्यातल्या एका वेल्डिंग यंत्राची जुळवणी चुकली, सदोष सेल गाड्यांत पोहोचले आणि ते बदलून देण्यापायी सुमारे साडेपाच कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. गाड्यांची मागणीही अपेक्षेइतकी आली नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे ती चीनच्या वानशियांग समूहाने विकत घेतली. शोधाबाबतचा अंदाज बरोबर ठरला आणि तरीही समभागधारकांचा पैसा बुडाला.

दुसरा दाखला युरोपचा. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टचे रसायन कुठलेही नवलाचे नव्हते. तिला उत्तम बॅटऱ्या युरोपातच बनवायच्या होत्या, एवढेच. तिने सुमारे १५ अब्ज डॉलर उभे केले. पण उत्पादन वेळेवर वाढेना. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोची मागणी रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ए-१२३ जवळ शोध होता, नॉर्थव्होल्टजवळ पैसा होता. दोघींनाही चांगला माल सातत्याने, स्वस्तात आणि वेळेवर काढणे जमले नाही. सीएटीएलला ते जमले, कारण तिच्या मूळ चमूने मोबाइलच्या बॅटऱ्या बनवण्यात आधीची दहा-बारा वर्षे घालवली होती. कारखान्यातली ही तालीम पैसे टाकून एका वर्षात विकत मिळत नाही.

सट्ट्याचा उपयोग आणि किंमत

यावरून सट्टा नुसता वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजारात येताना क्वांटमस्केपच्या हाती सुमारे एक अब्ज डॉलर आले. त्याच बळावर ती विक्रीचे उत्पन्न नसतानाही वर्षानुवर्षे भट्ट्या सुधारत राहू शकली. एखादी बँक अशा कामाला कर्ज देणार नाही आणि सरकारी अनुदान इतका काळ पुरणार नाही. धाडसी पैशाशिवाय अवघड विज्ञान प्रयोगशाळेबाहेर पडत नाही, हे मान्य करायला हवे.

पण त्याची किंमत दोघे मोजतात. एक म्हणजे उशिरा आलेला छोटा गुंतवणूकदार. आधीपासूनचे भागधारक १० डॉलरच्या आसपासच्या भावाने आत आले होते, तो १३० ला आला. दुसरी किंमत विज्ञान मोजते. भाव चढला की प्रश्न सुटलाच, असे लोक म्हणतात, आणि पडला की सगळे थोतांड होते, असे. एप्रिल २०२१ मध्ये, भाव पडण्यावर पैसा लावणाऱ्या एका संस्थेने कंपनीच्या दाव्यांवर जाहीर हल्ला चढवला, कंपनीने तो फेटाळला. दोन्ही बाजूंचे हितसंबंध भावात गुंतलेले. अशा गलक्यात ‘एका थरावरून चोवीस थर झाले’ ही खरी बातमी कोणाच्या कानावर पडत नाही.

हा विषय आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून पुण्या-नाशिकचा माणूसही अमेरिकी समभाग घेऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत त्यासाठी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची मुभा आहे. देशातही बॅटरी-सेलच्या कारखान्यांसाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली, आणि शिशाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांनीही लिथियमकडे मोर्चा वळवला आहे. ‘क्रांतिकारक बॅटरी’ या दोन शब्दांवर समभाग चढण्याचे प्रसंग इथेही येत राहणार.

अशी बातमी वाचताना काही साधे प्रश्न विचारता येतात आणि त्यांना विज्ञानाची पदवी लागत नाही. मोजमाप एका थरावर झाले की पूर्ण आकाराच्या सेलवर? खोलीच्या तापमानाला, की खास गरम केलेल्या आणि दाबून धरलेल्या सेलवर? चाचणी कंपनीने स्वतः केली की ग्राहकाने? नमुने पाठवले म्हणजे फुकट दिले की विकले? शंभरातले किती सेल चांगले निघतात? किलोवॉट-तासाला खर्च किती आणि त्या वर्षी एलएफपीचा भाव किती असेल? यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे जाहीर पत्रकात नसतील, तर भाव कितीही चढो, तो अंदाजच आहे. असा अंदाज बांधायचाच असेल, तर बुडाले तरी घरखर्चाला, मुलांच्या शिक्षणाला आणि आजारपणाला हात लागणार नाही, एवढ्याच पैशाचा बांधावा.

क्वांटमस्केप जिंकेल की हरेल, हे तिच्या समभागाच्या आलेखात दिसणार नाही. तिचे सेल वापरणाऱ्या गाड्या हजारोंनी रस्त्यावर येतील, त्या दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे चालतील, आणि गाडी उत्पादक कंपनी दुसऱ्यांदा मागणी नोंदवेल, तेव्हा उत्तर मिळेल. ती दुसरी मागणी हीच खरी बातमी असेल.